विहिरीपाशी चौघं

योर्कटन, सस्कॅचेवान
६ मे

मनोऱ्यावरच्या महाराणी,

पोचलीस ना धड? हेलिकॉप्टरवाल्यानं तुला, तुझ्या पिठाच्या गोण्यांना आणि त्या फुटक्या रेडिओला त्या डोंगरावर उतरवलं असेल आणि पाठ फिरवून पळाला असेल. आता ऑगस्ट सरेपर्यंत शंभर फुटांवरच्या डब्यात बसून जंगलात कुठं धूर दिसतो का ते बघायचं. शेजार ना पाजार, इंटरनेटचं तर नावच नको. हौस दांडगी बाई तुझी! मीही धान्याच्या कोठारावर जन्म काढला, पण तिथं निदान ट्रकवाले शिव्या द्यायला तरी यायचे.

तुला पहिलंच पत्र आणि त्यात रडगाणं. माझ्या कॉम्प्युटरनं अंग टाकलंय. माझ्या लेकीनं, लारिसानं, कॅल्गरीला जाताना टाकून दिलेला हा डबा, आजवर कुरकुरत का होईना चालत होता. आता गेम लावला की पंखा असा घोंघावतो की शेजारच्या तारासनं कुंपणावरून विचारलं, "मे महिन्यात गहू वाळवायला काढलास की काय?" मी पाऊल टाकायचं बटण दाबतो, चहा करून आणतो, मग पाऊल पडतं. प्रोसेसर शंभर टक्के कामात आहे असं तो सांगतो. इतकं काम तर मीही कधी केलं नाही.

तू हाय प्रेरीला दुकान टाकून लोकांचे कॉम्प्युटर उघडायचीस, म्हणून तुझ्या गळ्यात पडतोय. काहीतरी सुचव. काळजी एवढीच की रविवार चुकता कामा नये. रविवारी गेममधला सूर्य मावळताना विहिरीवरची घंटा वाजते तेव्हा गावातली चार माणसं तिथं हजर लागतात, नाहीतर जंगल गाव गिळून टाकतं. हे तुला काय सांगायचं! अकरा वर्षांपूर्वी गाव वसवलं तेव्हा तूच मला दटावून सांगितलं होतंस. तू गेलीस, आता आम्ही नेमके चौघं उरलो. एकाचाही पाय घसरून चालायचा नाही. आणि मी पडलो राखणदार.

आपापल्या गावाहून खेळणारी आपली मंडळी मजेत. डेल्मर ट्रकच्या खेपा संपवून येतो आणि आल्या आल्या विहिरीच्या कठड्यावर नाचतो. फिट्झच्या न्यूफाउंडलंडला धुकं. जोनी बिचारी जरा हिरमुसलीय. ईस्टरला तिनं घरभर माणसं येणार म्हणून रांधलं, आणि कोणी आलंच नाही. आठवडाभर तेच गरम करून खात होती म्हणे.

तुझा,
ओरेस्ट

मनोरा
२७ मे

ओरेस्ट म्हाताऱ्या,

हेलिकॉप्टर आज बटाटे आणि तुझं पत्र घेऊन आलं. बटाट्यांना मोड आलेत, पत्र चांगलं निघालं.

इथून तुला कॉम्प्युटर शिकवायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. तरी ऐक. आधी वायर काढ, डबा उघड आणि आतली धूळ साफ कर. तुझी ती मांजर त्याच्यावर झोपते, खोटं बोलू नकोस, मला माहीत आहे. पंख्यात केस अडकले की प्रोसेसर तापतो, तापला की मंदावतो, आणि मंदावला की साध्या कामालाही त्याच्या नाकी नऊ येतात. मग गेमच्या सेटिंगमध्ये जा आणि सावल्या, गवत, पाण्यातली प्रतिबिंबं सगळं बंद कर. आपलं गाव सुंदर आहे हे आपल्याला ठाऊक आहे, रोज बघायला नको. एवढं करून भागलं नाही तर टास्क मॅनेजर उघड आणि सगळ्यात वर कोण बसलंय, किती टक्के खातंय, ते मला लिही.

माझं ठीक चाललंय. सकाळी रेडिओवरून हवा सांगायची, दुपारभर डोळे फाडून बघायचं, संध्याकाळी परत हवा सांगायची. भाऊ विचारतो, एकटं वाटत नाही का? मला काही वाटत नाही.

जोनीला सांग, पुढच्या वेळी अन्न अर्धं रांध आणि न येणाऱ्यांना शिव्या पूर्ण दे. आणि हेही सांग, की मी असते तर मी आले असते.

रॉझ

योर्कटन
९ जून

रॉझ,

मांजरीबद्दल तू म्हणालीस ते खरं निघालं. डब्यातून एवढी लोकर निघाली की हातमोज्यांचा जोड विणता येईल. सावल्या काढल्या, गवत काढलं. आता गाव टकलं दिसतंय, पण तीन-चार दिवस पंखा शहाण्यासारखा वागला. मग पुन्हा येरे माझ्या मागल्या.

टास्क मॅनेजर उघडला. सगळ्यात वर आपला गेमच आहे. चोवीस टक्के खातोय. खाली एकूण बेरीज मात्र शंभर.

जोनीला तुझा निरोप दिला. खूश झाली. म्हणाली, रॉझ आली असती तर मी आणखी एक ताट वाढलं असतं, त्यात काय!

डेल्मरचं मात्र बिनसलंय. नाचतो, पण मन नाही. त्याची मुलगी फोन करत नाही. करते तेव्हा कर भरलास का, गोळ्या घेतल्यास का एवढं विचारते आणि ठेवते. तो म्हणतो, मी तिचा बाप आहे की तिच्या ऑफिसातलं एखादं काम? मुलींच्या बाबतीत मला तरी कुठं अक्कल आहे!

ओरेस्ट

मनोरा
२५ जून

ओरेस्टराव,

गेम चोवीस खातो आणि बेरीज शंभर? मग बाकीचं कोण खातंय, तुझी मांजर? अरे, पहिल्या ओळीवर थांबू नकोस, खाली बघ! जो चोर असतो तो कधी पहिल्या रांगेत बसत नाही. खालच्या ओळी नीट लिहून पाठव.

तोवर आणखी एक कर. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असणार. जुनी स्पिरिटनं पूस आणि नवी लाव. वाटाण्याएवढी, जास्त नाही. तुला ओळखते मी, तू पोळीवर लोणी फासल्यासारखी फासशील.

इथं वीज फार पडली या आठवड्यात. कडाडायला लागलं की काचेचे पाय असलेल्या स्टुलावर बसायचं आणि लोखंडाला हात लावायचा नाही. बसून बसून कंटाळा आला की मी तुमची आठवण काढते. फिट्झ असता तर म्हणाला असता, रॉझ, एवढी वीज फुकट आहे तर केस कुरळे करून घे.

डेल्मरला सांग, वाट बघू नकोस, तूच फोन कर. ती घाबरून विचारेल, "काय झालं?" तर म्हणावं, काही झालं नाही, तुझा आवाज ऐकायचा होता. पोरांना हे शिकवावं लागतं रे. आपोआप येत नाही.

रॉझ

योर्कटन
१७ जुलै

रॉझ,

उशीर झाला, रागावू नकोस. इकडं थोडी धावपळ होती.

पेस्ट लावली. वाटाण्याएवढीच लावली, देवाशपथ. तापमान उतरलं, पण शंभर काही शंभराच्या खाली येत नाही. खालच्या ओळींचं विचारतेस, तर अँटिव्हायरस असतो, काय काय असतं. मला त्यातलं कळत नाही आणि अक्षरं बारीक आहेत.

डेल्मरनं फोन केला! तू म्हणालीस तस्संच झालं. मुलगी म्हणाली, "काय झालं, डॅड?" तो म्हणाला, "काही नाही, आवाज ऐकायचा होता." मग दोघं बराच वेळ बोलले. तिच्या बाल्कनीत टोमॅटो आलेत म्हणे. डेल्मरनं तुला खास नमस्कार सांगितलाय.

आणि फिट्झच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कुणाला सांगितलंच नव्हतं त्यानं. टॅक्सी करून एकटा गेला. दवाखान्यातल्या बाईनं विचारलं, न्यायला कोण येणार? तर म्हणाला, येईल कोणीतरी. डॉक्टर सोमवारपर्यंत ठेवणार होते, पण हा शनिवारीच सही करून निघाला. का, तर रविवारची घंटा! विहिरीपाशी वेळेवर हजर. खुळा आहे झालं.

ओरेस्ट

मनोरा
३० जुलै

ओरेस्ट,

तू ताकास तूर लागू देत नाहीस. सरळ प्रश्न विचारला तर अक्षरं बारीक! मी आठवडाभर इथं पावसात बसून तुझ्या मशीनचाच विचार करतेय. आता मला नक्की वाटायला लागलंय, की तुझ्या कॉम्प्युटरमध्ये दुसरं कोणीतरी राहतंय. दुकानात असताना अशा भानगडी मी बघितल्यात. परका माणूस जाळ्यातून आत शिरतो, तुझ्या प्रोसेसरवर आपली कामं उरकतो, आणि तू आपला पंखा पुसत बसतोस. एकच इलाज. इंटरनेटची वायर उपट, सगळं पुसून टाक आणि विंडोज नव्यानं घाल. गेमही पुन्हा घाल. हातचं काही राखू नकोस.

आणि फिट्झला टॅक्सीनं एकट्याला जाऊ दिलंत? तुम्ही तिघं काय करत होता? तो समुद्रापलीकडं आहे हे मला कळतं, पण फोन तरी करायचा. त्याला म्हणावं, बर्फ लाव, जिना चढू नकोस, शहाणपणा करू नकोस. आणि माझ्याकडून विचार, दुखतं का रे फार?

इथं पाऊस लागून राहिलाय. धूर नाही, काही नाही. नुसतं धुकं, आणि धुक्यात मी.

रॉझ

योर्कटन
९ ऑगस्ट

रॉझ,

तू सांगितलंस तसं सगळं पुसलं. आत कोणी परका नव्हता. मशीन म्हातारं झालंय, एवढंच. आता तू त्याचा विचार सोड. मी डब्याचं झाकण काढून ठेवलंय आणि समोर टेबलफॅन लावलाय. इकडं उन्हाळा असा पेटलाय की सूर्यफुलंसुद्धा माना टाकून उभी आहेत. सप्टेंबर येईपर्यंत ढकलतो. तू आलीस की पाच होऊ, मग एखादा नसला तरी भागेल.

फिट्झला तुझा निरोप वाचून दाखवला. म्हणाला, "दुखतं. रात्री दुखतं." एवढंच.

ओरेस्ट

हाय प्रेरी, अल्बर्टा
१९ ऑगस्ट

ओरेस्ट,

पावसामुळं यंदा मनोरे लवकर बंद केले. गुरुवारी मला खाली आणलं. तुझं शेवटचं पत्र वनखात्याच्या ऑफिसातच हातात पडलं. तुम्हाला कळवलं नाही. म्हटलं, रविवारी घंटेच्या आधी अचानक जाऊन उभं राहावं.

काल भावाच्या कॉम्प्युटरवरून आले. वेशीतून आत शिरले तर तुम्ही चौघं विहिरीपाशी. मी ओरडले, "भुतांनो, आले मी!"

कुणी वळलं नाही. चौघंही तोंडं विहिरीकडं करून उभे. डेल्मर नाचत नव्हता. डेल्मर! जो मयतीतसुद्धा नाचेल. बऱ्याच वेळानं जोनी म्हणाली, "अरे वा, रॉझ!" थोडा वेळ गेला. मग फिट्झ म्हणाला, "अरे वा, रॉझ!" मग डेल्मरनं एक उडी मारली आणि परत खांब झाला. एकजण बोलत असला की बाकीचे तिघं श्वाससुद्धा घेत नव्हते. मला वाटलं, भावाकडचं इंटरनेट नाटक करतंय.

मग मी फिट्झला विचारलं, "गुडघा कसा आहे रे?"

फिट्झ गप्प. आणि त्याच्या शेजारून तू म्हणालास, "बरा आहे. आता चालता येतं."

मी अजून वाचतेय तोवर तुम्ही चौघंही दिसेनासे झालात. एकामागून एक नाही, सगळे एकदम. चार माणसं, चार प्रांत, आणि नावांपुढचे दिवे एकाच क्षणी गेले. तेव्हा माझ्या डोक्यात पाढा सुरू झाला. चोवीस चोक शहाण्णव. अख्खा उन्हाळा मी तुझ्या मशीनमधला परका शोधत होते. गेम चार वेळा उघडलेला होता. तुझा एक आणि त्यांचे तीन, सगळे तुझ्याच टेबलावर.

मी विहिरीपाशी थांबले. म्हटलं, डबा थंड करून येईल हा. तू आला नाहीस. घंटा वाजली तेव्हा मी एकटी होते. तुझं घर आधी गेलं, मग जोनीचं कुंपण, मग माझं परसू. झाडं आपली शांतपणे उगवत होती. अकरा वर्षांचं गाव गेलं, आणि मी भावाच्या स्वयंपाकघरात तोंडावर हात ठेवून बसले.

तुझा फोन नंबर माझ्याकडं नाही. कधी मागितलाच नाही. म्हणून हे पत्र. ते तिघं कुठं आहेत? आणि मला महिनोन् महिने जे कळवलंस, ते सगळं काय होतं? डेल्मरच्या नाचावर मी त्या डब्यात एकटी खदखदून हसले होते. त्याच्या गुडघ्यासाठी मी रडले होते, ओरेस्ट.

रॉझ

हाय प्रेरी
३ सप्टेंबर

ओरेस्ट,

उत्तर नाही. मागचं पत्र रागात लिहिलं होतं. राग अजून आहे, पण काळजी त्याहून जास्त आहे. जिवंत आहेस एवढं तरी कळव. मांजरीचा पंजा उमटवून पाठवलास तरी चालेल.

रॉझ

योर्कटन
१४ सप्टेंबर

प्रिय रॉझ,

जिवंत आहे. लाज वाटत होती, म्हणून गप्प होतो.

तुझं नाव वेशीपाशी दिसलं आणि माझं धाबं दणाणलं. स्क्रीनवर एका खिडकीतून दुसरीत उड्या मारायला लागलो. जोनी झाली, फिट्झ झाला, डेल्मरला उडी मारायला लावली. तू गुडघ्याचं विचारलंस आणि मी चुकीच्या खिडकीत उत्तर दिलं. खरं सांगू? घाईत चुकलो हे अर्धंच खरं. तू माझ्याच गुडघ्याचं विचारतेयस असं मला वाटलं. ते लक्षात येतंय तोवर मशीन एवढं तापलं की आपणहून बंद पडलं. मी बटण दाबत बसलो, टेबलफॅन तोंडाशी धरला, ओल्या फडक्यानं डबा पुसला. चालू झालं तेव्हा वेशच नव्हती.

ते तिघं एप्रिलमध्येच गेले. भांडण नाही, काही नाही. डेल्मर म्हणाला, आता वेळ होत नाही. जोनीनं पुढच्या आठवड्यात मला मिठी मारली आणि गेली. फिट्झनं तेवढंही केलं नाही. एका रविवारी त्याचा दिवा लागला नाही, तो लागलाच नाही. आपली रीत तुला ठाऊक आहे, चार दिवस गावाबाहेर जाणारासुद्धा आपली किल्ली राखणदारापाशी ठेवतो. तिघांचे पासवर्ड आधीपासून माझ्याकडं होते. तू तेव्हा सामान बांधत होतीस, गावात फिरकत नव्हतीस. मनोऱ्यावर एकटी जाणार, आणि जाताना हिच्या हातात काय द्यायचं, तर आपलं कोणी उरलं नाही? म्हटलं, ही परत येईपर्यंत गाव जागं ठेवू. मग बघू.

पहिल्यांदा फक्त रविवारी करायचो. घंटा झाली की तिघांना बंद करायचो. मग एका रविवारी बंद करायला हात होईना. सोमवारी तिघं तिथंच उभे दिसले. मी म्हटलं, राहू दे. मग रोजच. हसू नकोस, पण संध्याकाळी मी जोनीच्या खिडकीत जाऊन लिहायचो, "ओरेस्ट, जेवलास का?" आणि माझ्या खिडकीत येऊन ते वाचायचो. आणि खरंच उठून जेवायचो. तुझ्या पत्रातले इलाज केले की मशीनला जरा उसंत मिळायची, आणि त्या उसंतीत मी कुणालातरी बसायला खुर्ची, चुलीत जाळ असलं काहीतरी द्यायचो. म्हणून तुझा एकही इलाज लागू पडला नाही. तुझं काही चुकलं नव्हतं.

आता बातम्यांचं. त्या खोट्या नव्हत्या, रॉझ. एक विंडोज पुसल्याची थाप सोडली, तर सुखदुःखाची एकही बातमी खोटी नव्हती. ईस्टरला मी रांधलं होतं. आठवडाभर तेच कोबीच्या पानात भात गुंडाळलेले होलुबत्सी मी खाल्ले. मुलगी म्हणजे लारिसा. तू सांगितलंस म्हणून मी फोन केला, आणि टोमॅटो तिच्या बाल्कनीतले. गुडघा माझा. टॅक्सीनं मी गेलो होतो. माझ्या नावानं लिहायचं मनात आणलं होतं, पण हात धजेना. सत्तरीच्या बाप्यानं कुणापुढं रडावं? फिट्झच्या नावानं लिहिलं, तर तू विचारलंस, दुखतं का रे फार. मी ते पत्र खिशात घालून आठवडाभर हिंडलो. बायको गेल्यापासून मला असं कोणी विचारलं नव्हतं.

तुझीही किल्ली माझ्याकडं आहे. ती मी कधी लावली नाही. तू खरीच परत येणार होतीस.

मशीन परवा चालू केलं. गेम एकच उघडला. प्रोसेसर तीस टक्क्यांच्या वर जात नाही. पंखा आहे की नाही कळत नाही. तुझा रोगी बरा झाला, डॉक्टरीणबाई. मला काही त्याचा आनंद झाला नाही. घर एवढं शांत आहे की फ्रिज लागला तरी मी दचकतो.

आता बातमी द्यायची तर माझ्याजवळ मी एकटाच उरलोय. त्यात तुला काही राम वाटला तर लिही. नाही वाटला तरी मी समजून घेईन.

ओरेस्ट

हाय प्रेरी
२८ सप्टेंबर

ओरेस्ट, गाढवा,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा तुझा वेगळाच राग आला. गाव गेलं याचा नाही. त्या तिघांचाही नाही, जाणारा जातो. राग याचा आला, की मी एवढ्या लांबून जोनीला धीर देत होते, डेल्मरला अक्कल शिकवत होते, फिट्झसाठी जीव टाकत होते, आणि तुला मात्र फक्त मांजरीचे केस काढायला सांगत होते. तू मुकाट्यानं काढत बसलास!

माझंही एक ऐक. मनोऱ्यावर मला काही वाटत नाही, असं मी लिहिलं होतं. थाप होती. मला फार वाटतं. या वर्षी तर इतकं वाटलं की रेडिओवर हवा सांगून झाली तरी मी बटण सोडत नसे, पलीकडच्या पोरीनं आणखी दोन शब्द बोलावेत म्हणून. तुझं पत्र मी एका दमात कधी वाचलं नाही. एक दिवस जोनीचा, एक डेल्मरचा, एक फिट्झचा, असं पुरवून पुरवून वाचायची. सगळे दिवस तुझेच होते, हे आता कळतंय. मग माझं नुकसान काय झालं, सांग बरं? मी शोधतेय, मला सापडत नाही.

नवं गाव वसवायलाही चार जण लागतात, आणि आपण दोघंच आहोत. म्हणून ते राहू दे. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी संध्याकाळच्या बसनं मी योर्कटनला उतरतेय. तिकीट काढलंय, नको म्हणायची सोय ठेवलेली नाही. तीन दिवस राहीन. रांधायचं ते दोघांपुरतं रांध. लारिसालाही फोन कर, येते का विचार, मग तिघांपुरतं रांध.

अकरा वर्षांत मी तुझं तोंड पाहिलेलं नाही. गेममध्ये तू तांबड्या दाढीचा लोहार आहेस, खऱ्यात तसा नसशील अशी आशा आहे. तेव्हा खूण अशी ठरवू. स्टँडवर लंगडत येणारा जो म्हातारा दिसेल, त्याला मी विचारीन, दुखतं का रे फार? आणि त्यानं दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं, तर मी त्याच बसनं परत फिरेन.

रॉझ